वेलवेटचा 'बोहो' श्रग म्हणजे नेमके काय? मखमल आणि झालरीची गोष्ट

पिंपरी कॅम्पात लग्नाची खरेदी करताना किंवा मोबाइलवर कपडे चाळताना हा कपडा तुमच्या नजरेस नक्की पडला असेल. मरून, बाटली हिरवा किंवा मोरपंखी रंग. समोरून उघडा, बटण नाही, बाह्या रुंद, लांबी गुडघ्याच्या खाली. कापड मखमली आणि खालच्या घेराला वीतभर लांब दोऱ्यांची झालर. चिठ्ठीवर कुठे 'बोहो वेलवेट श्रग' लिहिलेले असते, कुठे 'व्हिंटेज किमोनो', तर कुठे नुसतेच 'फ्रिंज जॅकेट'.

कपडा एकच आणि नावे तीन, पण यातले एकही नाव पुरते खरे नाही. व्हिंटेज म्हणजे जुन्या काळातला, आणि हा तर कालच शिवून आलेला असतो. किमोनो जपानी; जपानी किमोनो सरळ पट्ट्यांचा, छातीवर एकावर एक घेऊन कमरेला पट्ट्याने बांधायचा असतो, असा वाऱ्यावर सोडायचा नसतो. राहिला 'बोहो'. त्या शब्दाची कथा थोडी लांबची आहे आणि फिरत फिरत आपल्याच दारात येते. शिवाय या कपड्यात ज्या दोन गोष्टी सुंदर दिसतात, म्हणजे मखमलीची लव आणि झालरीचे मोकळे दोरे, त्याच दोन गोष्टी दुचाकीवर आणि पणतीजवळ घात करू शकतात. विकणारा ते सांगत नाही, म्हणून इथे दोन्ही बाजू पाहू.

'बोहो' म्हणजे कुठले?

बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकातला भाग. युरोपभर भटकणारे रोमा लोक तिकडून आले असा फ्रान्समध्ये समज होता, म्हणून त्यांना 'बोहेमियाँ' म्हणत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये माळ्यावरच्या खोल्यांत राहणारे, भाडे थकवणारे चित्रकार, कवी, गवई यांनाही लोक तेच नाव देऊ लागले. आंरी म्युर्जे या लेखकाने या मंडळींवर गोष्टी लिहिल्या. त्यांचे पुस्तक १८५१ मध्ये आले. त्यावरूनच पुढे पुच्चिनीने 'ला बोएम' हा ऑपेरा रचला आणि तो १८९६ मध्ये तुरीन शहरात पहिल्यांदा रंगमंचावर आला.

या कलावंतांकडे पैसे नसत. ते जुन्या बाजारातून कपडे घेत, आणि जुन्या बाजारात येणारा माल असे श्रीमंतांनी टाकलेला. म्हणून फाटका मखमली कोट, उसवलेली जरीची शाल, एकमेकांशी न जुळणारे रंग हा त्यांचा वेश झाला. गरज होती, तिची ऐट झाली. आज दुकानात मिळणारा 'मुद्दाम जुना दिसणारा' कपडा त्याच ऐटीची नक्कल आहे.

रोमा लोक मात्र मूळचे बोहेमियाचे नव्हेतच. त्यांची रोमानी भाषा हिंद-आर्य कुळातली आहे, म्हणजे मराठी-हिंदीच्या नात्यातली. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, हे भाषेच्या अभ्यासातूनच उलगडले. तेव्हा 'बोहो' या शब्दाच्या मुळाशी भारतातून निघालेली माणसेच आहेत.

१९६० च्या दशकात लंडन आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या तरुणांनी हा वेश पुन्हा बाहेर काढला. आजीच्या पेटीतल्या मखमली गाऊनला, पियानोवर अंथरलेल्या झालरीच्या शालीला भाव आला. लंडनच्या किंग्ज रोडवर १९६६ मध्ये 'ग्रॅनी टेक्स अ ट्रिप' नावाचे दुकान निघाले. त्याचे सुरुवातीचे भांडवल म्हणजे जुने कपडेच. पुढे फ्लीटवूड मॅक या बँडची गायिका स्टीव्ही निक्स झालरीच्या शाली घेऊन रंगमंचावर गिरक्या घेऊ लागली आणि तिचा वेश या शैलीची जणू खूणच बनला.

त्याच लाटेत हिप्पी गोव्यात आले. हणजुणेच्या किनाऱ्यावर त्यांनी आपल्या वस्तू विकायला जो बाजार सुरू केला, त्यात पुढे लमाणी बायका आपले भरतकाम घेऊन बसू लागल्या. आपल्याकडे मराठवाड्यात आणि विदर्भात तांड्यांवर हाच समाज बंजारा म्हणून राहतो. बंजारा स्त्रीचा घेरदार फेटिया, कांचळी, त्यावर आरसे, कवड्या, नाणी आणि गोंडे ही सारी पिढ्यानपिढ्या हातांनी केलेली कामे. हणजुणेहून परदेशी बॅगांत गेलेला हा ऐवज तिकडच्या 'बोहो' फॅशनमध्ये मिसळला आणि तिथून यंत्रावर छापला जाऊन आपल्याकडे परत आला. चिठ्ठीवर मात्र बंजारा हा शब्द क्वचितच दिसतो. आमच्या मते ही या कपड्याच्या गोष्टीतली सगळ्यात खटकणारी बाब आहे.

मखमल विणतात कशी?

मखमल हा शब्द मूळ अरबी, अर्थ 'लव असलेले'. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर जमिनीवर दिसणारा लालभडक मृगाचा किडा ज्यांनी बोटावर घेतला आहे, त्यांना लव म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

साध्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असे दोनच धागे. मखमलीत तिसरा धागा येतो, लवेचा. पूर्वी कारागीर हा धागा बारीक तारेवरून घेत, त्याचे वेढे तयार होत आणि ते पात्याने कापले की टोके उभी राहत. काम इतके सावकाश की दिवसभरात थोडेच कापड निघे. म्हणूनच मखमल राजेरजवाड्यांची राहिली. इटलीतील व्हेनिस आणि जिनोआ त्यासाठी प्रसिद्ध होती; 'आईन-इ-अकबरी'त गुजराती मखमलीची नोंद आहे.

आजच्या मागावर दोन कापडे समोरासमोर एकदम विणली जातात आणि लवेचा धागा या कापडातून त्या कापडात ये-जा करतो. मग मधोमध धारदार पाते फिरते. पाव आडवा कापल्यावर दोन तुकडे व्हावेत तशी मखमलीची दोन कापडे वेगळी होतात.

या उभ्या टोकांमुळेच मखमलीचा रंग खोल वाटतो. हात एका दिशेने फिरवला तर कापड उजळ दिसते, उलट फिरवला तर गडद. शिंप्याला म्हणूनच मखमल नकोशी असते: प्रत्येक तुकडा एकाच दिशेने कापावा लागतो, कापड जास्त लागते, आणि एक बाही उलटी कापली गेली तर ती वेगळ्या रंगाची वाटते. तयार श्रग घेताना दोन्ही बाह्या शेजारी धरून पाहा. स्वस्त मालात हा दोष नेहमी सापडतो.

दुकानात 'वेलवेट' या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. खरी रेशमी मखमल आता दुर्मीळ आणि महाग. 'मायक्रो वेलवेट' म्हणजे बारीक पॉलिस्टर धाग्यांची, टिकाऊ पण घाम न शोषणारी. 'स्ट्रेच वेलवेट' विणलेले नसून स्वेटरसारखे गुंफलेले असते, त्यामुळे ताणते. 'क्रश वेलवेट'मध्ये लव मुद्दाम वेगवेगळ्या दिशांना दाबलेली. सुती मखमलीत बहुधा बाण्याच्या धाग्यांची लव असते. कॉर्डरॉय पँट तिचीच बहीण.

बोहो श्रगात सगळ्यात जास्त दिसते ती 'बर्नआउट' मखमल, म्हणजे पारदर्शक जाळीवर मखमली वेलबुट्टी. ती भरतकामाने होत नाही. पाठीचा धागा पॉलिस्टर, नायलॉन किंवा रेशमाचा आणि लव व्हिस्कोसची असे कापड घेतात. नको असलेल्या जागी आम्लधर्मी लेप छापून उष्णता दिली की तिथली व्हिस्कोसची लव जळून गळते, पाठ शिल्लक राहते. 'ब्रासो' साडी तुमच्या घरात असेल तर तिच्यावरची नक्षीही याच युक्तीची.

शेवटचा प्रकार फ्लॉक. यात विणकाम नाहीच. कापडाला गोंद लावतात आणि विजेच्या दाबाच्या क्षेत्रातून बारीक तंतू सोडतात. तंतू उभे राहून गोंदात रुततात. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांचे काम करणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची असेल. मोटारीच्या दारात काच ज्या रबरी खाचेतून वर-खाली होते, त्या खाचेत बोट घालून पाहा. ते मऊ अस्तर फ्लॉकचेच असते, काच आवाज न करता सरकावी म्हणून. रबरावर ते उत्तम काम करते. अंगावरच्या कपड्यावर मात्र कोपरापाशी आणि बसायच्या जागी काही धुण्यांनंतर ते टक्कल पडल्यासारखे दिसू लागते.

झालर, दशा आणि गोंडे

इंग्रजीत सगळ्याला 'फ्रिंज' म्हणतात. मराठीत शब्द जास्त नेमके आहेत. कापड मागावरून उतरल्यावर टोकाला जे न विणलेले उभे धागे राहतात त्या दशा. शालीच्या किंवा घोंगडीच्या टोकाला त्यांना पीळ देऊन किंवा गाठी मारून ठेवतात, नाहीतर कापड उसवत जाते. म्हणजे दशा आधी कामाच्या, मग शोभेच्या. वेगळी तयार करून कडेला शिवलेली ती झालर. आणि धाग्यांचा जुडगा बांधून लोंबता सोडला की गोंडा.

मखमलीला दशा सोडणे जवळजवळ अशक्य असते. कापलेल्या कडेतून लव भुरभुर गळते. धागे काढू लागलात तर हातात नुसता भुगा येतो. म्हणून मखमली श्रगाची झालर नेहमी वेगळी शिवलेलीच असते, आणि तिची गुणवत्ता तिच्या वरच्या पट्टीवरून कळते. पट्टी विणलेली असेल तर दोरे टिकतात. नुसती साखळी टाक्याने धरलेली असेल तर एक दोरा ओढला की वीतभर झालर सुटून येते.

मखमल आणि झालर यांची जोडी या परिसराला नवी नाही. ज्येष्ठात देहूहून तुकोबांची पालखी निघून आकुर्डीला मुक्कामाला येते, आळंदीहून माउलींची निघते. त्यांच्यासोबतच्या अब्दागिऱ्या, देवळांतली छत्रे, वरातीतली छत्री आणि बग्गी पाहा: मखमल, जरीकाम आणि कडेला हलती झालर. मानाच्या वस्तूला हलती कड द्यायची, म्हणजे ती लांबून उठून दिसते, ही आपल्याकडची जुनी रीत. तेच कापड अंगावर घालून दुकानात शिरलेल्या मुलीला आजी 'हे काय छत्र पांघरलंस' म्हणाली, तर तिचे निरीक्षण अगदी अचूक म्हणावे लागेल.

अंगावरच्या लांब झालरीचा पाश्चात्य इतिहास समुद्रमार्गाने येतो. चीनमधील कँटनला भरतकाम केलेल्या रेशमी शाली मनिला बंदरातून स्पॅनिश जहाजांवर चढत, म्हणून स्पेनमध्ये त्यांना मनिलाच्या शाली म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या घरोघरी पियानोवर पसरल्या गेल्या आणि १९२० च्या दशकात पुन्हा खांद्यावर आल्या. आजच्या श्रगाची झालर त्या शालींचीच नातवंडे आहे.

चाकाजवळ आणि ज्योतीजवळ

इझाडोरा डंकन ही आधुनिक नृत्याची अमेरिकन प्रणेती, आणि बोहेमियन राहणीचे तर चालतेबोलते उदाहरण. १४ सप्टेंबर १९२७ च्या रात्री फ्रान्समधील नीस शहरात ती एका उघड्या आमिलकार मोटारीत बसली. गळ्यात लांब झालरीची रेशमी शाल होती. गाडी सुटताच शालीचे टोक मागच्या चाकात गुंतले, गळ्याला हिसका बसला आणि ती जागीच गेली.

ही गोष्ट फॅशनच्या पुस्तकांत एक दंतकथा म्हणून येते. आकुर्डीला जिथे बजाजच्या स्कूटर बनत आणि चाकणला जिथे त्यांच्या मोटरसायकली बनतात, त्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ती दंतकथा म्हणून वाचू नये. ओढणी किंवा साडीचा पदर चाकात गुंतून पडणारी माणसे आपल्याकडे नेहमीच असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ याचसाठी आहे: मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटरसायकलला हाताने धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागचे चाक निम्म्याहून कमी नाही इतके झाकणारे संरक्षण हवे, जेणेकरून मागच्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. ज्याला आपण 'साडी गार्ड' म्हणतो ते हेच. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून ते काढून टाकणारे बरेच जण आहेत.

झालर पदरापेक्षा फसवी असते. पदर जड असतो, घसरला तर जाणवतो. झालरीचा दोरा हलका, वाऱ्याने मागे उडतो आणि साडी गार्डच्या फटीतूनही आत जाऊ शकतो. एक दोरा तुटेल. पण दहा-पंधरा दोरे एकदम चाकात किंवा साखळीत गेले तर ते दोरखंडासारखे ओढतात, आणि पाठीवरचा झगा बटणांशिवायचा असला तरी बाह्यांतून निघायला वेळ मिळत नाही. दुचाकीवर बसायचे असेल तर श्रग काढून पिशवीत ठेवा. कमरेला गाठ मारणे हा अर्धा उपाय, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर ती गाठ सुटते.

कारखान्यात हा प्रश्न पूर्वीच ओळखला गेला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ ने फिरत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराला अंगाला घट्ट बसणारे कपडे बंधनकारक केले, आणि ते कपडे मालकाने पुरवायचे. सैल बाही, उघडे टोक, लोंबता दोरा यांपैकी काहीही फिरत्या दांड्याजवळ नको, एवढा साधा त्यामागचा विचार. कंपनीत कौटुंबिक दिन असेल आणि शॉपवर फेरी असेल, तर पाहुण्यांनीही हा श्रग बाहेरच ठेवावा.

दुसरा धोका आगीचा, आणि तो कमी लोकांना माहीत असतो. मखमलीचा प्रत्येक तंतू सुटा उभा असतो आणि त्याच्याभोवती हवा असते. सुती किंवा व्हिस्कोसच्या लवेला ज्योत लागली तर ती पृष्ठभागावरून झरकन पळते. खालचे कापड पेटायच्या आत वरचा थर जळत पुढे गेलेला असतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत लहान मुलांसाठी काउबॉयचे पोशाख निघाले होते, त्यांच्या विजारींवर रेयॉनची दाट लव असे. त्यात मुले भाजली, काही दगावली. झटकन पेटणाऱ्या स्वेटरचीही प्रकरणे झाली. या घटनांनंतर १९५३ मध्ये तिथे ज्वालाग्राही कापडांवरचा कायदा झाला.

पॉलिस्टर मखमल इतकी झरकन पेटत नाही, पण वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. दोन्ही प्रकारांत लोंबती झालर वातीचे काम करते. दिवाळीत ओळीने मांडलेल्या पणत्यांवरून वाकताना, ओवाळताना, गॅसपलीकडचा डबा घेताना झालर आपल्या नजरेच्या खाली असते, हीच अडचण. कपड्याने पेट घेतलाच तर पळू नये, जमिनीवर लोळावे. नंतर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे आणि चिकटलेले कापड ओढून काढू नये, ते डॉक्टरांवर सोडावे.

घ्यायचाच असेल तर

एवढे वाचून श्रग घेऊच नये असे वाटले असेल तर तसे नाही. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतल्या संध्याकाळी, बसून गप्पा मारायच्या कार्यक्रमाला यासारखा कपडा नाही. आखूड झालर, म्हणजे चार बोटांपर्यंतची, दिसायलाही नीटस आणि धोकाही कमी.

कापड कशाचे आहे ते ओळखायला शिवणीच्या आतला एक सुटा दोरा घ्या, चिमट्यात धरून ताटलीवर, कपड्यापासून दूर पेटवा. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. कागदासारखा जळून मऊ राख उरली तर सूत किंवा व्हिस्कोस. केस जळल्याचा वास आला तर रेशीम. लवेचा आणि पाठीचा धागा वेगळा असू शकतो, म्हणून दोन्हीकडचे दोरे पाहावेत. फ्लॉक ओळखायला तर काडीही लागत नाही: नखाने घासा, तंतू बोटावर येतात.

इस्त्री थेट लवेवर कधीही फिरवू नका, दबलेली जागा कायमची चकाकते. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून तिथे श्रग टांगला तर बहुतेक सुरकुत्या आपोआप जातात. व्हिस्कोस आणि रेशमी मखमल ड्रायक्लीनला द्यावी. पॉलिस्टर थंड पाण्यात हाताने, न पिळता धुता येते. धुण्याआधी झालरीचे जुडगे करून सैल वेणी घाला, नाहीतर बाहेर निघेपर्यंत तिचा गुंता होतो आणि तो सोडवताना अर्धे दोरे तुटतात. पावसाळ्यात घडी घालून कपाटाच्या तळाशी ठेवला तर घडीवर लव बसते आणि दमटपणाने बुरशीही धरते. रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती कापडाखाली, झालर जमिनीला न टेकता टांगावा.